कागदावरचं अक्षर धातूवर उतरतं कसं?

दिवाळीनंतर एक ताई आल्या. पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं एक जुनं पोस्टकार्ड. त्यांच्या आईने त्या हॉस्टेलवर असताना पाठवलेलं. शेवटची ओळ होती, "पोचल्याचं पत्र टाक." ही एवढी ओळ, आईच्याच अक्षरात, एका चांदीच्या वाटीच्या ताटलीवर कोरून हवी होती. मी होकार दिल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो हल्ली जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: "पण ते अक्षर तुम्ही पाहून पाहून काढणार, की तिथे छापून घेणार? आणि छापणार असाल तर मग कोरायचं काय उरलं?"

लग्नसराईत, साठीशांतीला, घरातलं कोणी गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आसपास, अशी कामं आता खूप येतात. आजोबांची सही, आईचं अक्षर, पत्रिकेवरचा गणपती. मोबाइलमध्ये फोटो असतो आणि "हे असंच्या असं" हवं असतं. म्हणून हा प्रश्न एकदा नीट उलगडून सांगावासा वाटला.

कोरणं म्हणजे नक्की काय

आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. आईच्या लग्नातल्या पातेल्यावर मामाचं नाव, तारीख. ती अक्षरं जवळून पाहिली तर बहुतेक वेळा टिंबाटिंबांची असतात. तिथे टोकदार हत्याराने ठोके देऊन धातू दाबलेला असतो, कापलेला नसतो. स्टीलसारख्या चिवट धातूवर ते सोयीचं पडतं.

कोरीवकाम वेगळं. त्यात पोलादाचं धारदार हत्यार (इथून पुढे त्याला कलम म्हणू) तळव्यात धरून पुढे ढकलायचं, आणि धातूची बारीक शेव निघत जाते. मागे उरते ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खोल ढकललं की खाच आपोआप रुंद होते, वर उचललं की बारीक होत होत संपते. कलम एका अंगाला कलतं धरलं तर खाचेची एक बाजू रुंद आणि आरशासारखी चकचकीत निघते. रेषेचं जाड-बारीक होणं, तिची चमक, हे सगळं या एका हालचालीतून येतं.

आणि यात खोडरबर नाही. निघालेली शेव परत बसत नाही. म्हणून कलम लावण्याआधी रेषा कुठून कुठे जाणार हे धातूवर दिसलं पाहिजे. कागदावरची आकृती धातूवर आणण्याच्या या कामाला आम्ही 'उतरवणं' म्हणतो.

ही युक्ती प्रिंटरबरोबर आली का?

अजिबात नाही. जुन्या ताम्रपटांच्या शेवटी पुष्कळदा मजकूर लिहिणाऱ्याचं नाव वेगळं आणि कोरणाऱ्याचं वेगळं दिलेलं असतं. म्हणजे एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्या लिहिलेल्यावरून छिन्नी चालवायची, ही कामाची वाटणी हजार-बाराशे वर्षांपूर्वीही होती.

बिदरच्या आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) बिदरी कामात याचा फार सुंदर नमुना आहे. बिदरीचं भांडं मुख्यतः जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ओतून, घासून झालं की ते राखाडी दिसतं आणि त्यावर रेष उठत नाही. म्हणून कारागीर त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतो. पृष्ठभाग काळा पडतो. मग पोलादी सुईने त्यावर नक्षी ओढली की काळ्यावर उजळ रेषा उमटते, पाटीवर पेन्सिलीने काढल्यासारखी. त्या रेषेवरून कोरायचं, खाचेत चांदी ठोकून बसवायची. हा काळा रंग फक्त काम होईपर्यंतचा. शेवटी भांडं घासून पुन्हा स्वच्छ होतं, आणि कायमचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणि नवसागराने वेगळा दिला जातो.

तात्पुरती रेषा आणि कायमची खाच, हा फरक लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शाईने कागद सोडायचा कसा?

लहानपणी च्युइंगमबरोबर टॅटू मिळायचे. हातावर ठेवून वरून ओलं केलं, दाबलं, कागद उचलला की चित्र हातावर. कधी अर्धंच यायचं, अर्धं कागदावर राहायचं. उतरवण्याचं सगळं शास्त्र त्या अर्ध्या राहिलेल्या चित्रात आहे. शाई एकाच वेळी दोन ठिकाणी चिकटलेली असते, खाली धातूला आणि वर कागदाला. कागद उचलताना जिथली पकड घट्ट, तिथे ती राहते. म्हणजे आपल्याला दोनच गोष्टी करायच्या असतात: धातूची पकड वाढवायची, कागदाची कमी करायची.

इथे झेरॉक्सच्या दुकानाचा उपयोग होतो. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर यांत ओली शाई नसतेच. असते ती टोनर नावाची पूड. ही पूड म्हणजे मुख्यतः प्लास्टिक, त्यात काळ्या रंगासाठी काजळीसारखा कार्बन. यंत्र ती पूड विजेच्या भाराने कागदावर बसवतं आणि मग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाखालून कागद नेतं. पूड वितळून कागदाला चिकटते. म्हणूनच ताजी झेरॉक्स हाताला गरम लागते.

जे एकदा वितळून चिकटलं, ते पुन्हा मऊ करता येतं. उष्णतेने, नाहीतर प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवाने. तो द्रव म्हणजे अ‍ॅसिटोन, जुन्या पद्धतीच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतो तोच. टोनर मऊ झाला की नव्या जागेला चिकटायला तयार होतो.

इंजिनिअरिंगच्या मुलांना हे ओळखीचं वाटेल. सर्किटचा नकाशा गुळगुळीत मासिकाच्या कागदावर छापून, तांब्याच्या पत्र्यावर उलटा ठेवून इस्त्री फिरवायची, हा उद्योग कितीतरी हॉस्टेलांत झाला आहे. तिथे टोनर तांब्याला आम्लापासून वाचवतो. इथे तो फक्त वाट दाखवतो, म्हणून आमचं काम त्या मानाने सोपं.

घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई वेगळी, पाण्यातली. साध्या कागदात ती मुरून बसते, आणि मुरलेली शाई बाहेर काढणं कठीण. ती वापरायची तर शाई शोषून न घेणाऱ्या पारदर्शक शीटवर छापावी लागते, म्हणजे शाई वरच तरंगत राहते. मग धातूवर व्हार्निशसारखा अगदी पातळ थर देऊन तो चिकचिकीत असतानाच शीट दाबायची. रेषा फार नाजूक उतरते, पण थर जरा जाड झाला की शाई पसरते. मी सुरुवातीला याच पद्धतीत सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला. नवख्याने झेरॉक्सपासूनच सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे.

एक ताटली, एक ओळ

आता त्या ताटलीकडे येऊ.

आधी धातू. चांदी आरशासारखी चकचकीत असेल तर टोनरला धरायला काही मिळत नाही, आणि वरून दिव्याची तिरीप डोळ्यात जाऊन रेषा दिसत नाही ती वेगळी. म्हणून जिथे कोरायचं तेवढा भाग हजार नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित मंद केला. शेवटी पॉलिश पुन्हा देता येतं. मग भांड्याचा साबण लावून धुतलं आणि नळाखाली धरलं. पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं तर धातू स्वच्छ. मध्येच फाटून थेंब-थेंब झालं तर तिथे तेलकटपणा आहे. आपल्या बोटाच्या एका ठशाने पाणी फाटतं, आणि जिथे पाणी फाटतं तिथे टोनरही धरत नाही. पुसून वाळवल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही, हा नियम मी स्वतःला रोज बजावते.

मग कागद. पोस्टकार्ड स्कॅन केलं, पिवळटपणा काढून फक्त काळं आणि पांढरं ठेवलं. करडी छटा ठेवायची नाही, कारण प्रिंटर करडा रंग बारीक ठिपक्यांनी बनवतो आणि ते ठिपके धातूवर धुळीसारखे उतरतात. दुकानातल्या काकांना सांगितलं, "लेझरवर काढा, आणि मिरर करून." त्यांनी उलटं अक्षर पाहून दोनदा विचारलं, नक्की ना?

नक्की. कागद उपडा पडणार, म्हणजे डावं-उजवं बदलणार. उलटं छापलं तरच धातूवर सुलटं येईल. फक्त एक अपवाद आहे: धातूवरच उलटं हवं असेल तेव्हा. शिक्का, मुद्रेची अंगठी, छपाईचा पत्रा. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली ती एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या अक्षरांतून. ओळीच्या ओळी उलट्या कोरण्याचं ते काम डोळ्यांपुढे आणलं की मला माझी एक ओळ फार लहान वाटते. असल्या कामाला प्रिंट सरळ काढायचा.

ताटलीवर कागद उपडा ठेवला आणि एका कडेला चिकटपट्टी लावली, दाराच्या बिजागरीसारखी. म्हणजे उचलून पाहता येतं आणि जागा हलत नाही. कापसाच्या घट्ट बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेतलं, आधी टिश्यूवर टेकवून जास्तीचं काढलं, मग कागदाच्या पाठीवर दाबलं. घासलं नाही. घासलं की मऊ झालेला टोनर सरकतो आणि अक्षर वाऱ्यात धरल्यासारखं एका बाजूला पसरतं. कागद पारदर्शक होऊन अक्षरं दिसली, की चमच्याच्या पाठीने सगळीकडून सारखं दाबायचं. अ‍ॅसिटोन लवकर उडून जातं. कागद पुन्हा पांढरा होऊ लागला की एक कोपरा हळूच उचलायचा.

पहिल्या खेपेला "पोचल्याच पत्र टाक" एवढंच उतरलं. अनुस्वार कागदावरच राहिला होता.

देवनागरीत हे नेहमीचं दुखणं आहे. शिरोरेषा लांब असते, ती भरपूर जागा धरते, एखादा भाग निसटला तरी बाकीचा टिकतो. टिंबाला धरायला जागाच तेवढी. आणि टिंब गेलं की शब्द बदलतो. 'चिंता' आणि 'चिता' यांत एका टिंबाचाच फरक, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उलटही होतं. कागदाखाली धुळीचा एक काळा कण अडकला तर नावाच्या डोक्यावर नसलेला अनुस्वार चढतो. म्हणून उतरवल्यावर मूळ कागद शेजारी ठेवून, भिंगातून, प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचायचं. घाई असली तरी.

सगळं पुसून पुन्हा उतरवलं. दुसऱ्या खेपेला टिंब आलं, कडा जरा फुटलेली. त्यावर पातळ लॅकरचा एक फवारा मारला, कारण कोरताना मनगट सतत धातूवर घासतं आणि उघडा टोनर अर्ध्या तासात निघून जातो.

इस्त्रीने होत नाही का?

होतं, पण सपाट आणि पातळ पत्र्यावर. गुळगुळीत कागदावरची प्रिंट उपडी ठेवायची, इस्त्री दाबायची, मग सगळं पाण्यात टाकून कागद भिजवायचा आणि अंगठ्याने चोळून लगदा काढायचा. अडचण उष्णतेची. चांदी आणि तांबं उष्णता फार पटकन वाहून नेतात. इस्त्रीखालची ऊब सगळ्या भांड्यात पसरते आणि टोनर वितळण्याइतकी जागा तापतच नाही. पत्रा आधी तापवून घेतला तर जमतं. पेला किंवा तांब्या असेल तर नाद सोडावा.

गोल भांड्याचं काय?

नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून पाहा. चुण्या पडल्याशिवाय बसणारच नाही. पेल्यासारखं सरळ नळकांडं असेल तर कागद छान बसतो, पण वाटीच्या किंवा तांब्याच्या पोटावर नाही. अक्षर असेल तर शिरोरेषा आधी वाकडी होते, आणि वाकडी शिरोरेषा लांबूनही खुपते. कागदाला कडेने चिरा देऊन थोडंफार निभावतं.

अशा वेळी जुनी रीत बरी. धातूवर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा. त्यावर कार्बन पेपर, वर आकृती, आणि बोथट टोकाने गिरवायचं. हे वरून गिरवणं असल्यामुळे उलटं-सुलटं छापण्याचा प्रश्न येत नाही. नक्षी भरगच्च असेल तर रेषेवर सुईने भोकं पाडून त्यातून पूड चोळायची. भरतकामासाठी बटर पेपरला भोकं पाडून नीळ आणि रॉकेलचा बोळा फिरवणाऱ्या आजी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही. मग ठिपके जोडून घ्यायचे. वेळ लागतो, पण भांड्याच्या गोलाईवर रेषा कुठे किंचित ताणायची हे हातालाच कळतं.

जोडीच्या वस्तू असतील, म्हणजे दोन कडी, दोन निरांजनं, तर आणखी एक सुरेख युक्ती. पहिलं कोरून झालं की त्यावर दिव्याची काजळी धरायची, वरवरची पुसायची. खाचांत काजळी राहते. त्यावर चिकटपट्टी दाबून उचलली की नक्षी पट्टीवर येते आणि तिथून दुसऱ्या वस्तूवर. नक्षी दोनदा पलटते, म्हणून दुसऱ्या वस्तूवरही ती सुलटीच पडते.

मग कला कुठे राहिली?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा, केसापेक्षा बारीक. म्हणजे छापलेली रेषा माझ्या हातापेक्षा नेमकी आहे, हे मान्यच. पण ती सपाट आहे. ती जागा सांगते, खोली सांगत नाही. कलम कुठे टेकवायचं, कुठे दाब वाढवायचा, वेलांटीच्या वळणावर ताटली किती फिरवायची (आम्ही कलम कमी वळवतो, वस्तू जास्त फिरवतो), हे काहीच प्रिंटमध्ये नसतं. दोन कारागिरांना एकच उतरवलेली ओळ द्या, दोन वेगळ्या ओळी मिळतील.

आणि आईचं अक्षर हवं असताना ते मी पाहून पाहून काढलं, तर ते माझ्या वळणाचं होईल. तिथे उतरवणं हाच प्रामाणिकपणा आहे.

लेझर मशीन असताना हे कशाला?

लेझर झटपट आहे, स्वस्त आहे, शंभर पेल्यांवर एकच नाव घालायचं असेल तर मी स्वतः तिकडे पाठवते. त्याला कागद, टोनर काही लागत नाही. पण लेझर धातूचा वरचा थर उष्णतेने काढतो किंवा काळवंडवतो. खोल जायचं तर त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि खाचेचा तळ मंद, खरखरीत राहतो. कलमाने कापलेल्या बाजू गुळगुळीत असतात, म्हणून वस्तू हातात फिरवली की प्रकाश रेषेवरून धावतो. हा फरक फोटोत फारसा दिसत नाही. समईच्या उजेडात दिसतो.

भांडं वापरता येईल का, आणि घरी करून पाहावं का?

टोनर आणि लॅकर दोन्ही शेवटी अ‍ॅसिटोनने पूर्ण निघतात, मग साबणाने धुवायचं. तरी अन्न लागतं त्या बाजूला कोरू नये. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असेल तर खाच कल्हई फोडते आणि आंबट पदार्थ थेट पितळेला लागतो. मुलामा दिलेली वस्तू असेल तर दोनदा विचार करा. वरची चांदी पातळ, पहिल्याच खाचेत आतला पिवळा धातू डोकावतो.

घरी शिकायचं असेल तर पितळेच्या पत्र्याचा तुकडा घ्या. अ‍ॅसिटोनची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. देवाजवळ दिवा तेवत असेल, शेजारी गॅस असेल, तर तिथे बाटली उघडायची नाही. खिडकी उघडी ठेवा. चष्मा आणि मोबाइलचं कव्हर दूर, ते अ‍ॅसिटोनने डागळतात. रिमूव्हर वापरणार असाल तर त्यावर 'अ‍ॅसिटोन' लिहिलेलं हवं. हातांना मऊ ठेवण्यासाठी त्यात तेल घातलेलं असेल तर ते धातूवर बसतं आणि सगळी धुलाई फुकट जाते.

टिंब

त्या ओळीला दोन दुपार गेल्या. टोनरच्या काळ्या रेषेच्या मधोमध कलम नेत गेले. जिथे पोस्टकार्डावर शाईच्या पेनाने दाब घेतला होता तिथे मीही घेतला. 'पत्र'मधल्या त्र वर निब किंचित अडखळलेलं होतं, ते तसंच ठेवू का, हे ताईंना फोन करून विचारलं. "ठेवा," त्या म्हणाल्या.

अनुस्वार सगळ्यात शेवटी ठेवला होता. उतरलेलं टिंब गोल दिसत होतं, पण मूळ कार्डावर भिंगातून पाहिलं तेव्हा ते गोल नव्हतंच. घाईत दिलेला, उजवीकडे कललेला छोटा फटकारा होता. प्रिंटने तो गोल करून टाकला होता. टोनरकडे दुर्लक्ष करून कलम कलतं टेकवलं, एकदाच ढकललं, आणि उचललं. मग बोळ्याने सगळं काळं पुसलं.

न्यायला आल्या तेव्हा ताईंनी ताटली उजेडात धरली आणि पहिलं बोट त्या टिंबावर ठेवलं. "आई टिंब असंच द्यायची," म्हणाल्या.